धान्य थकलं, काम थांबलं
नाईलकाठची माणसं : भाग ७

मागच्या भागात आपण राजांच्या खोऱ्यातली थडगी पाहिली. ती कोरली कुणी? चाबकाखाली राबणारे गुलाम सिनेमावाल्यांनी आपल्या डोक्यात पक्के बसवले आहेत, पण इथली नोंदवही वेगळंच सांगते.

थेब्जच्या पश्चिमेला डोंगराच्या कुशीत ही थडगी कोरणाऱ्यांची देर अल-मदिना नावाची वस्ती होती. तटाच्या आत एकमेकांना खेटून सत्तरेक घरं. पाथरवट, गिलावा करणारे, चित्रकार, लेखनिक असे सगळे सरकारी नोकर. आसपास शेत नाही. पाणीसुद्धा गाढवांवर लादून यायचं. साध्या कारागिराचा महिन्याचा पगार चार खार गहू आणि दीड खार जव. खार म्हणजे साधारण ७६ लिटरचं माप. गहू खपली जातीचा, आपल्याकडे अजून पिकतो तोच. त्याची भाकरी आणि जवाची बिअर. मासळी, भाजी, जळण वरून मिळे. कपडे धुवायला सरकारी धोबी होते!

पपायरस महाग, म्हणून रोजचा हिशेब खापरांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर लिहीत. अशा हजारो कपच्या इथल्या उकिरड्यात सापडल्या. रामसेस दुसरा याच्या कारकिर्दीच्या ४०व्या वर्षाचं हजेरीपत्रक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गैरहजेरीची तारीख काळ्या शाईत, कारण लाल शाईत. एकाला विंचू चावला, एकाचे डोळे बिघडले, एकाला आईच्या प्रेताची व्यवस्था करायची होती. बिअर करायला घरी राहिलेलेही बरेच. ही सबब चालत असे, हे विशेष.

मग रामसेस तिसरा याचं २९वं वर्ष उजाडलं. इसवीसनपूर्व ११५७च्या आसपास. धान्य येईना. महिन्याचे अठरा दिवस उलटले तेव्हा कारागीर हत्यारं टाकून चौक्या ओलांडत बाहेर पडले आणि एका देवळामागे जाऊन बसले. आम्ही भुकेले आहोत, फारोला आणि वजिराला कळवा, एवढीच मागणी. लेखनिक अमेननख्तने ही हकिगत पपायरसवर टिपली. तो पपायरस आता तुरीनला आहे. ज्याला देव मानायचं त्या राजाकडेच हे लोक थकबाकी मागत होते, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलेलं दिसत नाही. मला या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

थोडंफार धान्य मिळालं, पुन्हा थकलं, माणसं पुन्हा बाहेर पडली. वजीर तो (हे त्याचं नाव) राजाच्या तिसाव्या वर्षाच्या उत्सवासाठी दक्षिणेतले देव गोळा करण्यात गुंतलेला. त्याने निरोप धाडला : कोठारातच काही नाही, सापडेल ते देतो. हाती पडला अर्धाच शिधा. उत्सवाला पैसा आहे आणि पगाराला नाही, हे त्या कारागिरांना दिसत नव्हतं असं कोण म्हणेल?

पगार पुढेही थकतच राहिले. रामसेस नववा याच्या काळात थडगी फोडल्याचे खटले उभे राहिले. आरोपींत याच वस्तीतले कारागीरही होते. त्या जबान्या पुढच्या आठवड्यात.