वेड, पेडगाव आणि अनुप्रास

आजचा विषय अनुप्रास, आणि त्याचं उदाहरण आपल्या गावाच्या नावातच आहे.

परगावी 'मी पेडगावचा' म्हटलं की समोरच्याला 'वेड पांघरून पेडगावला जाणे' हटकून आठवतं. आता या वाक्प्रचारामागं जी गोष्ट सांगतात, ती श्रीगोंदा तालुक्यातल्या, भीमाकाठच्या पेडगावची. तिथल्या बहादूरगडावरच्या मोगल सरदाराला मराठ्यांनी चकवलं, अशी ती गोष्ट. म्हणजे गोष्ट त्यांची आणि टोमणा ऐकायचा आपण!

पण हे शब्द लोकांच्या जिभेवर टिकले कशामुळं? एक प्रयोग करा. 'वेड पांघरून पैठणला जाणे' असं म्हणा. 'पांघरून' आणि 'पैठण' यांतला प जुळला, पण 'वेड'ला जोडीदार उरला नाही. 'नांदेडला' म्हणा. आता 'वेड-नांदेड' जुळलं, पण प गेला. पेडगावात दोन्ही आहेत. अर्थ तिन्ही ठिकाणी तोच, पकड मात्र एकाच ठिकाणी. ही पकड म्हणजे अनुप्रास.

व्याख्या सोपी आहे. वाक्यात किंवा कवितेच्या चरणात एकच वर्ण पुन्हा पुन्हा येऊन त्याच्या नादानं सौंदर्य आलं, की अनुप्रास झाला. मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त म्हटलंय की स्वर वेगळे असले तरी चालतील, व्यंजन सारखं हवं. म्हणून 'पां' आणि 'पे' चालतात. तो वर्ण शब्दाच्या सुरुवातीलाच हवा असंही नाही. फक्त तो कानाला सारखा लागायला हवा. 'चोराच्या मनात चांदणे' यात 'चो' आणि 'चां' हे दोन्ही च दंततालव्य आहेत, म्हणून ते जुळतात. 'चोर' आणि 'चार' लिहिताना अक्षर तेच, पण उच्चार वेगळा. तिथं डोळ्याला अनुप्रास दिसतो, कानाला तितका लागत नाही.

मोरोपंतांच्या आर्यांत अनुप्रास आणि यमकं भरपूर आहेत. पण अनुप्रास ही काही पंडितांचीच मिरासदारी नाही. पालापाचोळा, सगेसोयरे, काडीकचरा हे शब्द आपण रोज बोलतो. 'रीतिरिवाज' बघा: 'रीत' संस्कृतातली, 'रिवाज' अरबीतून आलेला. दोन भाषांची सोयरीक नादानं जुळवली! जात्यावर बसलेल्या बाईच्या हातात वही नव्हती. पुढचा शब्द आठवायला मागच्या शब्दाचा नादच कामाला यायचा. पाठांतरावर जगलेल्या भाषेत अनुप्रास नुसता दागिना नसतो, ती शब्दांची दावण असते.

यात एक धोकाही आहे. जे कानाला जुळतं ते मनाला लवकर पटतं. जाहिरातवाले आणि घोषणा लिहिणारे हे चांगलं जाणतात. म्हणून अशी ओळ कानावर आली की ती साध्या शब्दांत सांगून बघायची. नाद काढल्यावरही काही उरलं, तर ते खरं सांगणं.

आपल्याच वाक्प्रचाराला ही कसोटी लावू. नाद काढला तर उरतं एवढंच: 'ठाऊक असून अजाणतेपणाचं सोंग घेणे.' त्यात कुठलंच गाव नाही. ना त्यांचं, ना आपलं.