शिवसागरावरील पहिला दिवस

जलप्रवास म्हटला म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें समुद्र उभा राहतो. जुन्या पिढीच्या लोकांस मुंबईहून कोंकणांतील बंदरांस जाणाऱ्या आगबोटी आठवतात, आणि नव्या पिढीस मोठमोठीं तरंगतीं हॉटेलें. परंतु समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचार हजार फूट उंचीवर वसलेल्या महाबळेश्वराहूनही जलप्रवासास निघतां येतें, आणि तोही चांगला दोन दिवसांचा, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. आमच्या मंडळीनें हिवाळ्याच्या सुटींत असा प्रवास केला. त्यांतील पहिल्या दिवसाची हकीकत, आणि ज्या पाण्यावर तो दिवस गेला त्या पाण्याची माहिती, वाचकांपुढें ठेवावी एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

महाबळेश्वरास वेण्णा तलाव आहे, आणि तेथें होडींत न बसतां परत जाणारा प्रवासी विरळा. सातारचे आप्पासाहेब महाराज यांच्या कारकीर्दींत १८४२ सालीं हा तलाव बांधला गेला, तो पाण्याच्या पुरवठ्यासाठीं. होड्यांची मौज मागाहून आली. डिसेंबर-जानेवारींत कांहीं दिवशीं पहांटे इतका गारठा पडतो कीं, कांठच्या गवतावरील दंव गोठून त्याचे शुभ्र हिमकण होतात. परंतु ह्या तलावाची फेरी घटकाभरांत संपते. दिवसभर पाण्यावर राहावयाचें असेल, तर घाट उतरून पंचवीस-तीस किलोमीटरांवरील तापोळ्यास गेलें पाहिजे. रस्ता वळणावळणाचा आहे. आरंभीं स्ट्रॉबेरीचे मळे लागतात, पुढें दाट झाडी लागते, आणि मग एका वळणावर एकाएकीं खालीं डोंगरांच्या पायांमध्यें शिरलेलें निळें पाणी दिसूं लागतें. हाच शिवसागर. येथील शोभा पाहून तापोळ्यास ‘मिनी काश्मीर’ म्हणण्याची चाल पडली आहे. आमच्या मतें ह्या स्थळास उसन्या नांवाची मुळींच गरज नाहीं.

हें पाणी येथें कसें आलें, हें समजण्यासाठीं प्रथम कोयना नदीची ओळख करून घेतली पाहिजे. क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगेच्या मंदिरांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री ह्या पांच नद्यांचा उगम मानतात. सह्याद्रीवरील पाण्याची सामान्य रीत अशी कीं, माथ्याच्या पश्चिमेस पडलेलें पाणी झपाट्यानें कोंकणांत उतरून अरबी समुद्रास मिळतें, आणि पूर्वेस पडलेलें पाणी संथपणें बंगालच्या उपसागराची वाट धरतें. कोयनेनें मात्र आरंभीं निराळाच मार्ग पत्करला आहे. सह्याद्रीचा मुख्य माथा उजवीकडे आणि त्यास समांतर अशी दुसरी डोंगररांग डावीकडे ठेवून ती उत्तरेकडून दक्षिणेकडे सुमारें पासष्ट किलोमीटर वाहते. नंतर हेळवाकजवळ पूर्वेस वळून कऱ्हाडास प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळते. ह्यामुळें तिचें खोरें लांब, अरुंद आणि दोहों बाजूंनीं उंच भिंती असलेलें असें झालें आहे. त्यांत पाऊसही अपार पडतो. महाबळेश्वराची वार्षिक सरासरीच साडेपांच हजार मिलिमीटरांच्या आसपास आहे. दोन भिंती निसर्गानें बांधून ठेविल्याच होत्या. तिसरी तेवढी माणसानें बांधली. पाटण तालुक्यांत कोयनानगर येथें १०३ मीटर उंचीचें व आठशें मीटरांहून थोडें अधिक लांबीचें धरण १९६४ सालीं पुरें झालें. त्याच्यामागें सुमारें पन्नास किलोमीटरपर्यंत पसरलेला जलाशय तो हा शिवसागर. आतां त्यांत सुमारें १०५ अब्ज घनफूट पाणी मावतें.

सकाळीं आम्ही तापोळ्याच्या कांठावर आलों, तेव्हां पाणी दिसतच नव्हतें. सर्वत्र पांढरें धुकें पसरलें होतें. आमच्यांतील कांहीं विद्यार्थ्यांस पाणी उकळत असल्याचा भास झाला, आणि तो अगदींच निराधार नव्हता. पाणी उशीरां तापतें व उशीरां निवतें. रात्रीच्या थंडीनें हवा गार झाली तरी एवढा मोठा जलसंचय तितका गार होत नाहीं. त्याच्या पृष्ठभागावरील वाफ वरच्या थंड हवेंत शिरतांच तिचे सूक्ष्म थेंब बनतात, आणि तेंच हें धुकें. उन्हें चढल्यावर तें विरूं लागलें, आणि मग एकेक डोंगर जणूं कोणी हातानें पुढें आणून ठेवावा तसा प्रगट झाला.

सर्वांनीं जीवरक्षक जाकिटें चढविल्यावर लाँच निघाली. तापोळ्याजवळच कोयना, सोळशी आणि कांदाटी ह्या नद्यांचा संगम आहे. संगम म्हणजे येथें दोन रंगांचें पाणी मिसळतांना दिसेल असें मात्र कोणी समजूं नये. तिन्ही नद्या आतां एकाच जलाशयांत बुडालेल्या आहेत. डोंगरांमध्यें तीन दिशांनीं गेलेल्या पाण्याच्या वाटांवरूनच त्या ओळखावयाच्या. पश्चिमेकडील वाट कांदाटीच्या खोऱ्यांत जाते. तिकडील खेडीं सह्याद्रीच्या ऐन माथ्याखालीं, दाट अरण्यास लागून वसलेलीं आहेत.

जलाशयाचा कांठ वाचावयास शिकणें हा पहिल्या दिवसाचा खरा अभ्यास होय. झाडी जेथें संपते व पाणी जेथें सुरू होतें, त्या दोहोंच्या मध्यें तांबूस मातीचा एक उघडा पट्टा दिसतो. पावसाळा संपतां संपतां जलाशय भरलेला असतो. पुढें वीज व शेती यांसाठीं पाणी खर्च होत जातें, तसा हा पट्टा रुंदावतो. म्हणून तो पट्टा म्हणजे वर्षाचा हिशेबच कांठावर लिहिलेला असतो. हिवाळ्यांत तो अरुंद असतो; उन्हाळ्याच्या अखेरीस इतका वाढतो कीं, लाँच लावण्याची जागाही पाण्याबरोबर खालीं खालीं सरकत जाते. मधूनच पाण्यांतून वर आलेलें एखादें टेंकाड दिसतें. तें मूळचें बेट नव्हे, डोंगराचा माथा आहे. आपण दरीच्या तळापासून कित्येक पुरुष उंचीवरून तरंगत चाललों आहों, ही गोष्ट अशा वेळीं लक्षांत येते.

आमच्या लाँचेंत सहलीच्या मंडळीखेरीज वाटेंतील खेड्यांस जाणारे लोकही होते. कोणी रेशनच्या धान्याची पिशवी, कोणी गॅसची टाकी, कोणी दवाखान्यांतून आणलेलीं औषधें सांभाळून बसला होता. आमचे विद्यार्थी छायाचित्रें घेण्यांत दंग असतां ही मंडळी निश्चल बसली होती, कारण त्यांच्या दृष्टीनें ही सहल नव्हती. हा त्यांचा रस्ता होता. कित्येक गांवांमध्यें सरळ पाण्यानें गेल्यास जें अंतर अर्ध्या-पाऊण तासाचें, तेंच डोंगराला वळसा घालून गेल्यास कित्येक तासांचें होतें. मोटारी पलीकडे नेण्यासाठीं तराफा आहे, आणि माणसांसाठीं लाँच. रात्रीं कोणास विंचूसर्पानें दंश केला किंवा एखाद्या बाईचे दिवस भरले, तर ह्या पाण्याची रुंदी काय असते तें त्या घरच्या माणसांसच ठाऊक.

आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आमच्या एका शिक्षकांनीं त्यांस गांव विचारलें, तेव्हां त्यांनीं कांठाकडे बोट न दाखवितां लाँचेच्या खालीं दाखविलें. ते म्हणाले, “गुरुजी, तुमी आत्ता ज्याच्यावरनं चाललाय न्हवं, ती आमची भाताची खाचरं. मी लहान व्हतो. बा नं बैल हाकलं, आयनं चुलीची भांडी डोक्यावर घेतली, अन् आमी वर आलो.” ह्यापलीकडे ते कांहीं बोलले नाहींत. परंतु लाँचेंतील गलबला त्यानंतर बराच वेळ थांबला.

त्या गृहस्थांच्या दोन वाक्यांत जें होतें, तें ह्या सबंध खोऱ्याचें वृत्त आहे. दरीच्या तळाची सपाट व कसदार जमीन पाण्याखालीं गेली. कांहीं कुटुंबें डोंगराच्या उतारावर सरकून नाचणी-वरीवर निर्वाह करूं लागलीं. पुष्कळांस दूरच्या जिल्ह्यांत, अनोळखी हवेंत व अनोळखी मातींत नव्यानें संसार मांडावा लागला. धरणाचें काम चालू होतें तेव्हां प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा आपल्या राज्यांत नव्हता. तो १९७६ सालीं झाला. त्यामुळें कोयनेच्या लोकांचे जमिनीचे प्रश्न अनेक वर्षें रेंगाळले, आणि त्यांसाठीं त्यांस वारंवार आंदोलनें करावीं लागलीं.

मग हें सर्व कशासाठीं, असा प्रश्न एका विद्यार्थ्यानें विचारला, आणि तो विचारणें योग्यच होतें. त्याचें उत्तर उजवीकडच्या डोंगरांपलीकडे आहे. जलाशय उंच पठारावर असून त्या डोंगरांच्या पलीकडे कोंकणाची भूमि एकदम शेंकडों मीटर खालीं उतरते. पूर्वेकडे जाणारें पाणी बोगद्यांतून पश्चिमेस वळवून त्या उंचीवरून सोडलें म्हणजे त्याच्या जोरानें यंत्रें फिरतात. रत्नागिरी जिल्ह्यांत पोफळी येथें ह्याच पाण्यावर वीज तयार होते, आणि कोयना प्रकल्पाच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता सुमारें १,९६० मेगावॉट आहे. १३ मार्च १९९९ रोजीं तर जलाशय रिकामा न करतांच त्याच्या तळास भोंक पाडण्याचा प्रयोग येथें यशस्वी झाला. खालून बोगदा खणीत नेऊन शेवटीं खडकाचा पातळ पडदा तेवढा ठेवावयाचा, आणि तो सुरुंगानें उडवावयाचा, अशी ती युक्ति होती. २५ एप्रिल २०१२ रोजीं तिची पुनरावृत्ति झाली. महाराष्ट्रांतील कारखाने ज्या विजेवर वाढले, तिचा मोठा भाग ह्या शांत दिसणाऱ्या पाण्यांतून आला आहे.

ह्याच खोऱ्यानें ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे भयंकर भूकंपही पाहिला. कोयनानगरची मोठी हानि झाली आणि सुमारें पावणेदोनशें माणसें मृत्युमुखीं पडलीं. धरणास भेगा गेल्या, तथापि तें टिकून राहिलें, आणि पुढें तें अधिक बळकट करण्यांत आलें. मोठ्या जलाशयाच्या भारानें व खोल खडकांत मुरणाऱ्या पाण्यानें भूकंपास चालना मिळूं शकते, ह्याचें ठळक उदाहरण म्हणून जगांतील भूशास्त्रज्ञ कोयनेचें नांव घेतात.

दुपार टळल्यावर आम्ही बामणोलीस उतरलों. पश्चिमेस उंच डोंगर असल्यामुळें येथें सूर्य लवकर आड जातो व पाण्यावर पाहतां पाहतां निळसर सांवली पसरते. दुसऱ्या दिवशीं आम्हांस वासोट्यास जावयाचें होतें. तो किल्ला इंग्रजांनीं १८१८ सालीं तोफांचा मारा करून घेतला. आतां तो कोयना अभयारण्यांत आहे, आणि हें अभयारण्य २०१० पासून सह्याद्रि व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तेथें जाण्यास वनखात्याची परवानगी लागते, आणि सायंकाळच्या आंत परतावें लागतें. म्हणूनच पहिला दिवस पाण्यावर काढून रात्रीं बामणोलीस मुक्काम करणें सोयीचें पडतें.

आमच्या शाळेंतील जीं मुलें पुढें ह्या प्रवासास जातील, त्यांस आमच्या सूचना थोड्याच आहेत. जीवरक्षक जाकीट अंगांतून काढूं नये. लाँच चालू असतां एका बाजूस गर्दी करूं नये. खाऊचे कागद व बाटल्या पाण्यांत टाकूं नयेत, कारण कांठचीं माणसें व रानांतील जनावरें हेंच पाणी पितात. आणि लाँच धक्क्यास लागली म्हणजे, ओझें घेऊन उभ्या असलेल्या गांवकऱ्यांस प्रथम जागा द्यावी. आपण त्या पाण्यावर एक दिवसाचे पाहुणे आहों. त्यांचें घर तेथेंच आहे, कांहींचें कांठावर, आणि कांहींचें त्याच्या तळाशीं.