सोळाशे मीटर
अमेरिकेच्या युद्धांतल्या सक्तीच्या लष्करभरतीवर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं होतं. त्याबद्दल वाचत असताना डोळ्यांपुढे सारखी बीड जिल्ह्यातल्या माजलगावची, सैन्यभरतीसाठी पळणारी पोरं येत होती. शेवटी तिकडेच गेलो.

अमेरिकेची गोष्ट विलक्षण आहे. यादवी युद्धात, 1863 मध्ये, उत्तरेच्या सरकारने सक्ती आणली आणि 300 डॉलर भरणाऱ्याला मोकळं सोडलं. न्यूयॉर्कमध्ये गरीब कामगारांनी त्यावर दंगल केली. दोन्ही महायुद्धांत सक्ती पुन्हा आली. व्हिएतनामच्या वेळी, 1 डिसेंबर 1969 ला, वर्षातल्या तारखा घातलेल्या 366 निळ्या कुप्या काचेच्या बरणीत टाकून सोडत काढली. पहिली तारीख निघाली 14 सप्टेंबर. कुप्या नीट ढवळल्या नव्हत्या, म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांचे नंबर जास्त करून आधी लागले. 1973 मध्ये ही भरती थांबली.

आपल्याकडे 1917 मध्ये इंग्रजांनी सक्ती केली ती इथे राहणाऱ्या युरोपियनांवर. दुसऱ्या महायुद्धात सुमारे 25 लाख भारतीय आपण होऊन फौजेत गेले. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. जवळच्या अंबाजोगाईत, तेव्हाच्या मोमिनाबादेत, त्याच्याही आधी हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी असायची. घटनेचं कलम 23 सार्वजनिक कामासाठी सक्तीच्या सेवेची मुभा सरकारला देतं, पण सैन्यासाठी ती कधी वापरली गेली नाही. सिंदफणा नदीवर माजलगावचं धरण असूनही ज्या तालुक्यातली कुटुंबं ऊसतोडीला जातात, तिथे पोरांना फौजेकडे ढकलायला कायदा लागत नाही.

पहाटे पाचला माजलगावच्या मैदानावर फक्कीने आखलेली चारशे मीटरची वाट असते. पोरांना शिकवणारे निवृत्त हवालदार हातात स्टॉपवॉच घेऊन उभे असतात. सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात. सैन्यभरतीच्या मैदानी चाचणीत 1600 मीटर साडेपाच मिनिटांत काढलं, तर 60 गुण. पुढच्या पंधरा सेकंदांत आलात, तर 48. बीमला दहा पुलअप काढले की 40. नऊ फुटांचा खड्डा आणि नागमोडी पट्टीवरचा तोल, यांत नुसतं पास व्हायचं. पोलीस भरतीलाही 1600 मीटर असतंच, त्यामुळे दोन्हीकडची पोरं एकाच वाटेवर पळतात.

साडेपाच मिनिटं म्हणजे एका फेरीला साडेब्याऐंशी सेकंद. रानात राबलेल्या पोरांच्या अंगात ताकद असते. पहिली फेरी ती पंचाहत्तरमध्ये मारतात आणि तिसऱ्या फेरीत मोडतात. सरांचं सगळं कसब त्या तिसऱ्या फेरीत आहे. ते पोराच्या तोंडाकडे बघत नाहीत, खांदे बघतात. खांदे कानांकडे चढले की ओरडतात, “हात खाली सोड! श्वास मोज!” नव्याला पहिलं बजावणं ठरलेलं: “पहिल्या राउंडाला कुणाच्या पुढं जायचं न्हाई. तिसऱ्यात कोण राहतंय ते बघू.” दर फेरीचे सेकंद ते वहीत पोराच्या नावापुढे लिहून ठेवतात. एका पानावर मी सहा महिन्यांत बावीस सेकंद कमी झालेले पाहिले. ती वही मला कुठल्याही सरकारी अहवालाहून मोलाची वाटली.

जून 2022 मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली आणि या मैदानाचं गणित फिरलं. भरती होणारा ‘अग्निवीर’, नोकरी चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के कायम होणार. बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी, पण पेन्शन नाही. 2023 पासून आधी ऑनलाइन लेखी, मग मैदान. पळण्यात पहिला असलेला पोरगा आता संगणकापुढेच गळतो. पूर्वी नोकरी लागली की बहिणीचं लग्न, विहीर, पत्र्याचं घर असा हिशेब पंधरा-सतरा वर्षांवर पसरायचा. आता तो चार वर्षांत कसा बसवायचा, हे एका बापाने मला विचारलं. 2023 च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेलेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026 संपताना भरत येतात. निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांना काही जागा राखून ठेवल्याचं सरकारने जाहीर केलं आहे. पण तिथे पळण्याची चाचणी माफ असली, तरी पुन्हा भरतीच्या रांगेत उभं राहावं लागेल, आणि तेव्हा वय तेवीस-चोवीस असेल.

सर पोरांना आता पदवीला नाव घालूनच मैदानात यायला सांगतात. काही जण ऐकतात. काहींच्या घरी फीपेक्षा बुटांचेच पैसे आधी जमतात, आणि दिवाळीनंतर त्यांतले निम्मे कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. मार्चमध्ये परततात तेव्हा वहीतले सेकंद पुन्हा वाढलेले असतात.