कोणता स्कॅन, कशासाठी?

मार्च २०१८मध्ये अभिनेते इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचे जाहीर केले, तेव्हा हे लांबलचक नाव अनेक घरांत प्रथमच ऐकू आले. ‘न्यूरो’ म्हणजे मेंदूचाच आजार, असा पुष्कळांचा समज झाला. वस्तुतः ही गाठ संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींची. आतडे, स्वादुपिंड, फुप्फुस अशी कुठेही होणारी. बहुधा सावकाश वाढणारी, क्वचित झपाट्याने पसरणारी.

अशी शंका डॉक्टरांनी बोलून दाखवली, की घरात पहिला विचार येतो तो पैशाचा नव्हे, काळजीचा. ‘सगळ्यांत मोठा स्कॅन कोणता? तोच करून टाकू!’ इथेच गफलत होते. प्रत्येक स्कॅन वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

गाठ आहे कुठे आणि केवढी, हे सांगतो सीटी स्कॅन. या गाठींना रक्तपुरवठा भरपूर असतो. म्हणून शिरेतून औषध सोडून वेगवेगळ्या क्षणी चित्रे घेतात. साध्या सीटीत गाठ निसटू शकते. यकृतातले बारीक ठिपके एमआरआय अधिक चांगले दाखवतो. स्वादुपिंडातली छोटी गाठ शोधायला दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी उपयोगी पडते.

गाठ पसरली आहे का, यासाठी गॅलियम-६८चा डोटा पेट स्कॅन. या पेशींवर बहुधा एका विशिष्ट संप्रेरकाची ‘कुलपे’ असतात. किरणोत्सारी औषध किल्लीसारखे त्यांत जाऊन बसते आणि गाठ उजळते. कुलपे भरपूर असली, तर त्याच वाटेने उपचार पोचवता येतील का, याचाही अंदाज येतो. मात्र इन्सुलिन स्रवणारी गाठ या स्कॅनला अनेकदा हुलकावणी देते.

नेहमीचा पेट स्कॅन साखरेवर चालतो. सावकाश वाढणारी गाठ साखर फारशी खात नाही. त्यामुळे तो ‘स्वच्छ’ आला म्हणजे गाठ नाहीच, असे नव्हे. आक्रमक गाठीत मात्र तोच मोलाचा ठरतो.

आणि गाठीचा स्वभाव? तो अखेर बायोप्सीच सांगते. पेशी किती वेगाने वाढताहेत, हे तिच्यातल्या ‘केआय-६७’ या आकड्यावरून कळते.

तेव्हा डॉक्टरांना दोन प्रश्न निःसंकोच विचारावेत: या स्कॅनमधून नेमके काय कळणार? आणि त्यामुळे उपचार बदलणार का? मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेहाच्या गोळ्या, गरोदरपण, चालू असलेली इंजेक्शने आधीच सांगावीत. जुन्या फिल्म आणि सीडी जपून ठेवाव्यात. घाबरलेल्या घराला मोठ्या यंत्रापेक्षा योग्य क्रमाचा आधार अधिक असतो.