दारावर पाटीही नाही

लेखमाला : गलबत आणि तांडेल – भाग ७

रात्रीचे साडेदहा वाजले होते. ‘सगळे पॉड नीट चालू आहेत ना, एवढंच बघतो, पाच मिनिटांचं काम,’ असं घरात सांगून मी लॅपटॉप उघडला, व्हीपीएन जोडलं आणि टर्मिनलवर ‘क्यूबसीटीएल गेट पॉड्स’ टाइप करून एंटर दाबलं. कर्सर लुकलुकत राहिला. अर्ध्या मिनिटाने एक ओळ उमटली : डायल टीसीपी, १०.२०.४.१०, पोर्ट ६४४३, आय-ओ टाइमआउट. पुन्हा अर्धं मिनिट, पुन्हा तीच ओळ. ऑफिसात रात्रपाळीला बसलेला सहकारी मात्र फोनवर सांगत होता, ‘‘दादा, माझ्याकडे तर लगेच येतंय की!’’

या वाक्याचा राग येतो खरा, पण त्या रात्री हातात असलेली सगळ्यात मोलाची माहिती तीच होती. क्लस्टर जिवंत आहे, बिघाड त्याच्या आणि माझ्या मध्ये कुठेतरी आहे, एवढं त्यातून कळलं होतं. ते मी ऐकलं नाही आणि पुढचा तासभर लॅपटॉपलाच दोष देत बसलो.

कुबरनेटिस या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे आपला तांडेल, हे आपण पहिल्या भागात पाहिलं. गूगलने २०१४ मध्ये ही प्रणाली जगासमोर आणली आणि जुलै २०१५ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. गलबतावर खलाशी कितीही असले तरी किनाऱ्यावरून हाक मारायची ती तांडेलालाच. इथे ती हाक घेतो एपीआय सर्व्हर. क्यूबसीटीएल (याला कुणी ‘क्यूब कंट्रोल’ म्हणतं, कुणी ‘क्यूब कडल’, भांडणात पडू नये) पॉडशी थेट बोलत नाही, नोडशीही नाही. ते एका पत्त्यावर, एका पोर्टवर, एचटीटीपीएसने विनंती पाठवतं आणि उत्तराची वाट बघतं. स्वतः उभारलेल्या क्लस्टरवर तो पोर्ट बहुधा ६४४३ असतो, क्लाउडवर बऱ्याचदा ४४३, मिनिक्यूबवर ८४४३.

या विनंतीचा प्रवास टप्प्याटप्प्याने होतो. आधी कॉन्फिग फाइलमधून पत्ता मिळतो. तो नावाच्या रूपात असेल तर डीएनएसकडून त्याचा आकडा होतो. मग वाट ठरते, टीसीपीची जोडणी होते, टीएलएसचा हँडशेक होतो, ओळख पटते, आणि शेवटी खरं काम. कुठल्या टप्प्यावर घोडं अडलं ते त्रुटीच्या संदेशातच लिहिलेलं असतं. ‘नो सच होस्ट’ म्हणजे नावाचा आकडाच झाला नाही. ‘एक्स ५०९’ने सुरू होणारी तक्रार सर्टिफिकेटची. ‘अनऑथराइज्ड’ म्हणजे दार उघडलं, पण आतल्याने तुम्हाला ओळखलं नाही. शेवटच्या दोहोंपैकी काही आलं तर नेटवर्क उकरू नका, ते शाबूत आहे.

खरा गोंधळ होतो तो ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘टाइमआउट’ या दोघांत. पुण्यातल्या पाट्या आठवा. ‘जोशी येथे राहत नाहीत, कृपया विचारू नये.’ उद्धट असेल, पण उत्तर आहे. ‘रिफ्यूज्ड’ ही तसली पाटी : त्या पत्त्यावर यंत्र आहे, तुमचं पॅकेट तिथवर पोचलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत बसलेलं नाही, आणि यंत्राने तसं तत्काळ कळवलं. टाइमआउटमध्ये पाटीही नसते आणि आतून आवाजही नसतो. पॅकेट हरवलं, कुणी गिळलं, की पोचलं आणि उत्तरच परतीच्या वाटेवर हरवलं, काहीच कळत नाही.

गिळणारा बहुतेक वेळा फायरवॉल असतो. नको असलेल्या पॅकेटचं दोन तऱ्हांनी करता येतं : ‘रिजेक्ट’, म्हणजे नाही म्हणून कळवणं, किंवा ‘ड्रॉप’, म्हणजे निमूट टाकून देणं. बाहेरच्या जगासमोर ड्रॉप ठेवण्यात अर्थ आहे. पोर्ट चाचपत फिरणाऱ्यांना कशाला उत्तर द्या? पण ऑफिसच्या आतल्या जाळ्यातही ड्रॉपच ठेवणारे लोक आपल्याच माणसांचे तास खातात, असं माझं मत आहे. आतल्या आत तरी पाटी लावावी.

आता घड्याळ. टीसीपीचं पहिलं पॅकेट गेलं आणि उत्तर आलं नाही, तर लिनक्स पूर्वापार पद्धतीने एका सेकंदाने पुन्हा पाठवतं, मग दोन, चार, आठ असं थांबत थांबत सहा वेळा. सगळं मिळून १२७ सेकंद. क्यूबसीटीएल इतका दम धरत नाही. जोडणीसाठी ते ३० सेकंद थांबतं, टीएलएस हँडशेकसाठी १०. म्हणून अर्ध्या मिनिटाने आलेला टाइमआउट आणि दहा सेकंदांनी आलेला टाइमआउट हे दोन वेगळे आजार आहेत. ‘रिक्वेस्ट टाइमआउट’ नावाचा पर्याय वाढवून बघण्याचा मोह सगळ्यांना होतो. मुळात तो शून्य असतो, म्हणजे मर्यादाच नाही, वाढवणार काय? उलट स्क्रिप्टमध्ये तो पाच सेकंदांवर आणून ठेवावा, म्हणजे रात्रीचं काम निदान लवकर मरतं.

पहिली तपासणी सोपी, तरी सगळ्यात जास्त वेळा तीच राहून जाते : आपण नेमकी कुणाला हाक मारतोय? घरच्या डिरेक्टरीतल्या ‘.क्यूब’ या फोल्डरात ‘कॉन्फिग’ फाइल असते. तिच्यात अनेक क्लस्टरांचे पत्ते असू शकतात आणि त्यांतला एक ‘चालू कॉन्टेक्स्ट’ असतो. गेल्या महिन्यात मोडलेल्या क्लस्टरचा पत्ता तिथे आरामात पडून राहतो. मिनिक्यूब बंद करून चालू केलं की कधीकधी पत्ता बदलतो, तेव्हा ‘मिनिक्यूब अपडेट-कॉन्टेक्स्ट’ चालवावं. आणि ‘लोकलहोस्ट ८०८०’ने नकार दिला असं दिसलं तर कॉन्फिग सापडलेलीच नाही. आज्ञेला ‘-व्ही=६’ जोडलं की कुठली फाइल वाचली आणि कुठल्या पत्त्यावर विनंती गेली, हे क्यूबसीटीएल स्वतःच सांगतं. मी तेवढं केलं. पत्ता बरोबर होता.

दुसरी तपासणी : दार वाजतं का? इथे लोक पिंग करतात, आणि फसतात. पिंगला उत्तर आलं म्हणजे वाड्यात दिवा आहे एवढंच. नाही आलं तर तेही काही सांगत नाही, कारण कित्येक ठिकाणी पिंग अडवलेलंच असतं. पोर्टच तपासावा : ‘एनसी -व्हीझेड’, पुढे पत्ता आणि ६४४३. ते चाललं आणि क्यूबसीटीएल अडकलं तर प्रॉक्सीकडे बघा. ऑफिसात कुणीतरी ‘एचटीटीपीएस-प्रॉक्सी’ हे चलमूल्य मांडून ठेवलेलं असतं, क्यूबसीटीएल ते इमानदारीने पाळतं आणि आतल्या पत्त्याची विनंती बाहेरच्या प्रॉक्सीकडे घेऊन जातं. ‘नो-प्रॉक्सी’मध्ये क्लस्टरचा पत्ता घातला की झालं. माझ्याकडे प्रॉक्सी नव्हती, आणि एनसीही तसंच गप्प बसलं होतं.

क्लाउडवरचं क्लस्टर असेल तर इथे आपल्याकडच्या विजेचा संबंध येतो. एपीआय सर्व्हरला कुठल्या पत्त्यांवरून हाक मारता येईल याची यादी क्लाउडवर ठरवून देता येते, आणि शहाणी माणसं ती देतात. मग दुपारी वीज जाते, घरचा राउटर पुन्हा चालू होतो, सेवा देणारी कंपनी नवा पत्ता देते, आणि यादीत कालचाच पत्ता राहतो. फायरवॉल निमूट गिळतो. घरच्या ब्रॉडबँडला तर पुष्कळदा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतोच. राउटरच्या पानावर १००.६४ ते १००.१२७ यांमधला आकडा दिसला, तर तुम्ही आणि शेकडो शेजारी एकाच सामाईक पत्त्यामागे आहात. यादीत घालायचा पत्ता राउटरकडून नव्हे, बाहेरून विचारून घ्यावा.

दहा सेकंदांच्या आजाराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तो सगळ्यात जास्त चकवतो. एनसी म्हणतं पोर्ट उघडा आहे, तरी क्यूबसीटीएल ‘टीएलएस हँडशेक टाइमआउट’ देतं. एकच चिमुकला नोड असेल, मेमरी अपुरी असेल, तर सर्व्हर दार उघडून पुढे बोलायलाच विसरतो. मिनिक्यूबला मेमरी वाढवून दिली की हे सुटतं. पण व्हीपीएनवर असाल तर संशय पॅकेटच्या आकारावर घ्या. इथरनेटवर एका पॅकेटची कमाल मर्यादा, म्हणजे एमटीयू, १५०० बाइट. व्हीपीएन प्रत्येक पॅकेटला आपलं वेष्टन चढवतं, म्हणून आत जागा कमी उरते. वायरगार्ड ती साधारण १४२० धरतं. जोडणीची पहिली पॅकेटं चिमुकली, ती निघून जातात. सर्टिफिकेट मात्र जाडजूड असतं. चाळीच्या जिन्यातून पिशव्या वर जातात, गोदरेजचं कपाट वळणावर अडकतं. एरवी ‘कपाट अडकलंय, लहान करून पाठवा’ असा निरोप आयसीएमपीने मागे येतो. पण कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी बंद केलेलं असतं, आणि मग पाठवणारा तेच कपाट पुन्हा पुन्हा जिन्यात ढकलत राहतो. व्हीपीएनच्या इंटरफेसचा एमटीयू १३००पर्यंत उतरवून बघा. चाललं, तर रोग सापडला.

आणखी एक प्रकार ओळखून ठेवा. ‘गेट पॉड्स’ झटकन येतं, पण ‘लॉग्ज’ किंवा ‘एक्झेक’ म्हटलं की टाइमआउट. तो संदेश नीट वाचा, पोर्ट १०२५० दिसेल, आणि पत्ता तुमच्या ओळखीचा नसेल, एखाद्या नोडचा असेल. पॉडची यादी एपीआय सर्व्हर आपल्या वहीतून वाचून दाखवतो. लॉग मात्र त्या नोडवरच्या क्यूबलेटकडून मागवावे लागतात. म्हणजे गप्प बसलाय तो दुसराच प्रवास, सर्व्हर ते नोड. तुमचा लॅपटॉप, तुमचं व्हीपीएन, तुमचं वायफाय, सगळी निर्दोष. राउटर बंद-चालू करून काही होणार नाही.

आता माझ्या रात्रीकडे. पावणेबारा झाले, तेव्हा कुठे ते फोनवरचं वाक्य आठवलं. मी सहकाऱ्याला म्हटलं, ‘‘त्या सर्व्हरवर टीसीपीडंप लाव, पोर्ट ६४४३, आणि मी हाक मारतो तेव्हा काय दिसतं ते सांग.’’

‘‘तुमचं पॅकेट येतंय, दादा. एक, दोन, तीन... येतच आहेत.’’

‘‘आणि उत्तर?’’

‘‘जाताना दिसत नाहीये.’’

म्हणजे माझी हाक पोचत होती; हरवत होतं ते उत्तर. आत्तापर्यंतचा माझा सगळा तपास जाण्याच्या वाटेचा होता. येण्याची वाट मी बघितलीच नव्हती. व्हीपीएनने मला दिलेला पत्ता होता १७२.१८.०.३७. खासगी जाळ्यांसाठी तीन पट्टे राखून ठेवले गेले : १०ने सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. जगातलं प्रत्येक ऑफिस, प्रत्येक घर आणि प्रत्येक अवजार याच तिघांतून पत्ते उचलतं. डॉकरही. त्याचं पहिलं जाळं बहुधा १७२.१७ घेतं, आणि डॉकर कंपोजने नवं जाळं मागितलं की पुढचं, १७२.१८.

‘‘त्या मशीनवर आज कुणी कंपोजने काही चढवलंय का?’’

थोडी शांतता. ‘‘मीच. संध्याकाळी. देखरेखीचं एक छोटं टूल होतं.’’

‘आयपी रूट गेट’ आणि माझा पत्ता असं विचारल्यावर सर्व्हरने सरळ सांगितलं की हा पत्ता माझ्याच पोटातल्या डॉकरच्या पुलावर आहे. सर्व्हर बिचारा प्रत्येक हाकेला उत्तर देत होता, पण घराबाहेर न जाता आपल्याच माजघरात. ऑफिसात बसलेल्यांचे पत्ते १०च्या पट्ट्यातले, म्हणून त्यांना कधी कळलंच नाही. व्हीपीएनवरचे सगळे बहिरे झाले होते. सहकाऱ्याने कंपोजचं जाळं उतरवलं, डॉकरच्या सेटिंगमध्ये जाळ्यांसाठी १९२.१६८मधला एक रिकामा पट्टा नेमून दिला आणि टूल पुन्हा चढवलं. दोन-तीन मिनिटांचं काम.

मी पुन्हा ‘गेट पॉड्स’ म्हटलं. यादी पापणी लवायच्या आत आली. सगळे पॉड संध्याकाळपासून व्यवस्थित चालू होते. घड्याळात साडेबारा झाले होते.

पुढच्या आठवड्यात : एक पॉड दुसऱ्याला नावाने हाक मारतो तेव्हा ते नाव शोधून कोण देतं – कोअरडीएनएस आणि त्याची फोनवही.