नातवंडांच्या घोडामैदानावर

‘घोडामैदान जवळच आहे’ असे आपण आयुष्यभर म्हणत आलो. प्रत्यक्षात मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी घोडा पाहिला तो माथेरानच्या लाल मातीत, वरातीत किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत. आता काळ पालटला आहे. मुंबई-पुण्याच्या काही शाळकरी मुली आणि मुले पहाटे उठून रपेट शिकायला जातात. 2023 साली हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय अश्वारोहकांनी ड्रेसाज या प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवले, त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. अनेक घरांत या खेळाचे नाव तेव्हा प्रथमच ऐकू आले असेल. अशात एखाद्या दिवशी नात सांगते, ‘‘आजी, आजोबा, रविवारी माझी स्पर्धा आहे. तुम्ही यायचंच.’’ तेव्हा आपले घोडामैदान खरोखरच जवळ येते.

आपण जाल, अवश्य जा. पण जाण्यापूर्वी या मैदानाची रीत समजून घ्या. क्रिकेटच्या सामन्याला आपण टाळ्या वाजवतो, नाव घेऊन ओरडतो, आणि तेथे ते शोभतेही. अश्वारोहणाच्या मैदानावर तोच उत्साह मुलाच्या हाडामांसाशी खेळ ठरू शकतो. येथील शिष्टाचार दिखाऊ नाही. जवळजवळ प्रत्येक नियम घोड्याच्या स्वभावातून उगवला आहे, आणि त्याचा शेवट स्वाराच्या सुरक्षिततेत होतो.

घोडा बुजतो, म्हणजे काय होते?

घोडा हा शिकार करणारा नव्हे, शिकार होणारा प्राणी आहे. संकटाची शंका आली की आधी पळायचे आणि मग विचार करायचा, ही त्याची उपजत वृत्ती. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. मात्र नाकाच्या अगदी समोरचे थोडे आणि शेपटीच्या थेट मागचे त्याला दिसत नाही. न दिसणाऱ्या जागेतून काही हालले, तर तो दुगाणी झाडतो. ‘साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये’ असे जुने लोक सांगत, त्यातील निम्मे शहाणपण तरी प्राणिशास्त्राचे आहे.

आता आपल्या पिशवीकडे पाहा. उन्हासाठी घेतलेली छत्री, खाऊची चुरचुरणारी प्लास्टिकची पिशवी, घडी उलगडताना खटकन वाजणारी काठी, मोठ्या आवाजात वाजणारा मोबाइल. आपल्या दृष्टीने या साध्या वस्तू आहेत. पण कठड्यालगत छत्री फटकन उघडली, तर चारशे-पाचशे किलो वजनाचे ते जनावर एका क्षणात बाजूला उडी घेते, आणि पाठीवरचे तीस-चाळीस किलोंचे मूल वाळूत पडते. म्हणून छत्रीऐवजी रुंद काठाची टोपी घ्या. खाऊ कापडी पिशवीत वा डब्यात ठेवा. मोबाइलचा आवाज बंद करा, आणि छायाचित्र घेताना लखलखणारा दिवा वापरू नका. कानाला श्रवणयंत्र असेल, तर आपला आवाज आपल्या नकळत चढतो, याचे भान असू द्या. चाकांच्या खुर्चीवर येणाऱ्यांनी आधी आयोजकांना विचारून, कठड्यापासून थोडे दूर, स्थिर जागा निवडावी.

मैदानावर काय चालले आहे, ते कळले तर

लहान मुलांच्या स्पर्धांत प्रामुख्याने दोन प्रकार दिसतात. ड्रेसाजमध्ये 20 मीटर रुंद आणि 40 किंवा 60 मीटर लांब चौकोनात घोडा ठरलेल्या आकृत्या काढतो. प्रत्येक हालचालीला पंच शून्य ते दहा असे गुण देतात. शो जंपिंगमध्ये रंगीत दांड्यांचे अडथळे ठरलेल्या क्रमाने ओलांडायचे असतात. लाल निशाण उजव्या हाताला आणि पांढरे डाव्या हाताला ठेवून मधून जायचे, एवढे लक्षात ठेवलेत तरी मुलीची वाट आपल्याला समजेल.

स्पर्धेपूर्वी मुले पायी चालत अडथळ्यांमधील अंतर पावलांनी मोजतात. घोड्याला मात्र अडथळे आधी दाखवता येत नाहीत. स्वार मैदानात येऊन पंचांना अभिवादन करतो. घंटा वाजल्यावर सुरुवात करायला साधारणतः 45 सेकंद मिळतात. घंटेआधीच सुरुवातीची रेषा ओलांडून उडी घेतली, तर स्पर्धक बाद. दांडी पडली तर चार दंडगुण, घोडा अडथळ्यापुढे अडला तरी चार. तो पुन्हा पुन्हा अडला तर स्पर्धक बाद होतो. कितव्या वेळी, ते त्या स्पर्धेच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे. स्वार पडला की त्याची ती फेरी संपते. पडलेल्या मुलाने डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय पुन्हा स्वार होऊ नये, हा या खेळाचा दंडक आहे.

यांतील एका नियमाकडे आरोग्याच्या दृष्टीने विशेष लक्ष द्या. फेरी चालू असताना शिरस्त्राणाचा हनुवटीखालचा पट्टा सुटला, तर स्वाराने थांबून तो लावायचा असतो. थांबल्याबद्दल दंड नाही, पण घड्याळही थांबत नाही. आणि सुटलेल्या पट्ट्यानिशी त्याने उडी मारली, तर तो बाद होतो. नियम जणू मुलाला सांगतो की सेकंद गेले तरी चालतील, डोके जाता कामा नये.

बाहेरून मदत करण्यावरही कडक बंधन आहे. स्वाराच्या हातातून पडलेली छडी कोणी उचलून दिली तर स्वार बाद होतो. पडलेले शिरस्त्राण किंवा चष्मा उचलून द्यायला मात्र हरकत नसते. छडी जिंकण्यासाठी, शिरस्त्राण जगण्यासाठी, हा फरक नियम करणाऱ्यांनी किती नेमका ओळखला आहे! ड्रेसाजमध्ये तर शब्दाने वा खुणेने केलेली सूचनाही बेकायदा मदत ठरते. ‘‘बाळा, डावीकडे वळ!’’ या आपल्या मायेच्या हाकेने नातवाची महिन्यांची मेहनत वाया जाऊ शकते.

निघण्यापूर्वी आपण तपासाव्यात अशा गोष्टी

आईबाप घोड्याच्या आणि नोंदणीच्या धावपळीत असतात. अशा वेळी आजी-आजोबांचा शांत डोळा फार उपयोगी पडतो. शिरस्त्राण कपाळावर आडवे, भुवयांच्या सुमारे दोन बोटे वर बसावे. ते मागे कलंडलेले नसावे. पट्टा घट्ट, पण बोलता येईल इतका. एकदा जोराने आपटलेले शिरस्त्राण बाहेरून अखंड दिसले तरी आतून निकामी झालेले असू शकते. ते बदलावे. थोरल्या भावाचे म्हणून वापरायला देऊ नये. बुटाला छोटी टाच हवी, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार घसरत नाही आणि पडताना मूल फरफटत जात नाही. केस बांधलेले, कानातले लोंबते डूल काढलेले, गळ्यात काही नको. गळ्यातील ताईतही त्या दिवशी आईच्या पर्समध्येच राहू द्या.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत आढळतात. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस दिली जाते. नातवंडाची ती झाली आहे ना, हे पाहा. आणि स्वतःची शेवटची मात्रा दहा वर्षांपूर्वीची असेल, तर आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारा. पागेच्या परिसरात फिरताना कातडी फाटण्याइतकी जखम आपल्यालाही होऊ शकते.

पागेत पाऊल टाकताना

आपले वय झाले आहे, हाडे ठिसूळ झाली आहेत. घोड्याचा नुसता खांदा लागूनही आपला तोल जाऊ शकतो, आणि खुब्याचे हाड मोडल्यावर काय होते ते आपल्या पिढीला सांगायला नको. म्हणून घोड्याच्या जवळ एकट्याने जाऊ नका. मोतद्दाराला विचारा, त्याच्या सांगण्याप्रमाणे समोरून थोड्या बाजूने, बोलत बोलत जा, म्हणजे घोड्याला आपण दिसतो आणि ऐकूही येतो. शेपटीला लाल फीत बांधलेली दिसली, तर तो घोडा लाथ मारणारा आहे असे समजून लांब राहा. सरावाच्या मैदानातून वाट काढू नका. तेथे घोडे वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. समोरासमोर आलेल्या स्वारांनी एकमेकांना डावा खांदा डाव्या खांद्याकडे ठेवून जायचे असते, आणि मध्येच आलेल्या पादचाऱ्याला त्या हिशेबात जागा नसते.

घोड्याला खाऊ द्यावासा वाटेल. विचारल्याशिवाय देऊ नका. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले वावगे अन्न त्याला पोटशूळ देते, आणि तो दुखणेकरी पोटशूळ जिवावरही बेततो. शिवाय चॉकलेट आणि चहा-कॉफी यांतील घटक उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत सापडू शकतात. आपण प्रेमाने दिलेल्या चॉकलेटच्या तुकड्यामुळे कोणाचे तरी पदक हिरावले जावे, असे आपल्याला नक्कीच वाटणार नाही.

दम्याचा त्रास असल्यास वाळू आणि गवताची धूळ लक्षात घेऊन मुखपट्टी व पंप जवळ ठेवा. मधुमेह असलेल्यांनी फेऱ्या लांबतात हे ध्यानात घेऊन खाणे आणि औषधे वेळेवर घ्यावीत. पाणी भरपूर प्यावे. बंद बूट घालावेत, चपला नकोत.

मूल पडले तर

धावत मैदानात जाऊ नका. मोकळा घोडा सैरावैरा पळत असतो, आणि आपण धावलो तर तो अधिकच बुजतो. मैदानावर वैद्यकीय मदत असते, ती पोहोचू द्या. मान वा पाठ दुखावल्याची शंका असताना मुलाला उठवून बसवणे, पाणी पाजणे, शिरस्त्राण ओढून काढणे या गोष्टी आपण करू नयेत. मदत जवळ नसेल, तर महाराष्ट्रात 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

डोक्याला मार लागल्याची शंका असेल, तर त्या दिवशी पुन्हा घोड्यावर बसायचे नाही, मूल कितीही ‘मी बरा आहे’ म्हणाले तरी. घरी आल्यावर पुढील एक-दोन दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, गोंधळलेले बोलणे, न उठणारी गुंगी, झटके, हातापायातील अशक्तपणा, नाकाकानातून पाझरणारे पाणी यांपैकी काहीही दिसले तर विलंब न लावता रुग्णालय गाठा. ही नोंद ठेवण्याचे काम घरात सर्वांत चांगले कोण करू शकेल, हे वेगळे सांगायला नको.

आणि मूल हरले तर

आता कल्पना करा. आपण कठड्यापासून चार पावलांवर बसला आहात. नात तिसऱ्या अडथळ्याशी येते, घोडा अडतो. ती वळून पुन्हा येते, घोडा पुन्हा अडतो. घंटा वाजते. ती बाद झाली आहे. तिचे ओठ थरथरत आहेत, पण तिने लगाम सैल सोडला आहे, घोड्याची मान थोपटली आहे, आणि पंचांकडे पाहून मान लववून ती बाहेर येते आहे.

या क्षणी आपण काय बोलता, यावर बरेच काही अवलंबून आहे. ‘घोडाच नाठाळ’ असे म्हणालात, तर जे काही क्षणांपूर्वी तिने मोठ्या कष्टाने टाळले, तेच आपण तिला शिकवता. या खेळात घोड्यावर राग काढणे हा अपराध आहे. चाबकाच्या गैरवापरासाठी स्वाराला ताकीद मिळते, वेळप्रसंगी बादही केले जाते. घोड्याचे हित सर्वांत वर, असे आंतरराष्ट्रीय महासंघाचे तत्त्वच आहे. ‘पंचांनी अन्याय केला’ असे म्हणालात, तरी तेच. आक्षेप असल्यास तो ठरलेल्या वेळेत, लेखी, प्रशिक्षकामार्फत मांडता येतो. तो कठड्यावरून ओरडून मांडायचा नसतो. आणि ‘पुढच्या वेळी पहिली ये हं’ हेही नको, कारण तिला या वेळचेच दुःख अजून संपवायचे आहे.

तिला उतरू द्या. आधी घोड्याला पाणी मिळेल, खोगीर उतरेल, मोतद्दाराचे आभार मानले जातील. ही येथली रीत आहे, आणि ती तिला आपले डोळे पुसायला वेळ देते. मग जवळ बोलावून एवढेच म्हणा, ‘‘दमलीस का ग? घोडा बरा आहे ना?’’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना ती पहिल्याचे उत्तर आपोआप देईल.

या खेळात वयाचा अडसर फारसा नाही. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानचे हिरोशी होकेत्सू वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ड्रेसाजमध्ये उतरले होते. तेव्हा एका रविवारच्या दोन अडण्यांनी नातीचे काहीही बिघडलेले नाही. तिच्यापुढे साठ वर्षे आहेत. आपल्याकडे तेवढी नसतील, पण या एका सकाळी कठड्यापासून चार पावलांवर शांत बसून राहणे आपल्या हाती आहे. आपण तेवढे केले, तर पुढच्या स्पर्धेच्या वेळीही ती आपल्यालाच सांगेल, ‘‘तुम्ही यायचंच.’’