संथ डिस्क आणि सतरा घरांचा हिशेब

माझे मामा सावंतवाडीजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत. १९९१ च्या सुमारास त्यांनी पीसी एक्सटी जातीचा एक संगणक घेतला, त्यात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवून देवनागरीची सोय केली आणि मालवणी शब्द टिपायला सुरुवात केली. मांगर, व्हाळ, वायंगण, गजाल. शब्द, त्याचा अर्थ, कोणत्या गावात आणि कुणाच्या तोंडून ऐकला, अशी प्रत्येक नोंद. मामा गेले आणि संगणक माळ्यावर गेला. छापून ठेवलेले कागद ‘त’ या अक्षराशी संपत होते. पुढचे सगळे त्या पेटीतल्या २० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कवर.

घर विकायचे ठरले तेव्हा मामीने मला बोलावले. पेटी उघडून धूळ काढली, वीजपुरवठ्याचा भाग तपासला आणि संगणक लावला. तो चालू झाला! पण एक फाइल उघडायला इतका वेळ घेऊ लागला की बघणाऱ्याचा धीर सुटावा. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने निकाल दिला, “डिस्क मरायला टेकलीय. फॉरमॅट करून बघू या.” मी त्याला थांबवले. डिस्क खरोखरच मरत असेल, तर तिच्यावर नव्याने काही लिहिणे म्हणजे उरलीसुरली अक्षरे घालवणे. आणि ती मरत नसेल, तर ती संथ का, हे आधी कळायला हवे.

अशा वेळी पहिली साक्ष यंत्राची नव्हे, माणसांची घ्यावी. मी मामीला विचारले, हा पूर्वी वेगात चालायचा का? ती म्हणाली, “छे रे. एकदा दुरुस्तीला नेऊन आणला, तेव्हापासून हा असाच. फाइल उघडायला लावायचे आणि मला सांगायचे, चहा ठेव.” म्हणजे संथपणा म्हातारपणाचा नव्हता, तो जुना होता आणि एका दिवसापासूनचा होता.

दुसरी साक्ष कानांची. खराब होत चाललेली डिस्क एकाच जागी पुन्हापुन्हा प्रयत्न करते, टकटक आवाज येतो, मध्येच डॉस चूक झाल्याचे सांगून थांबते. तिचा संथपणा विषम असतो : एक फाइल झटकन, दुसरी रखडत. इथे तसे काही नव्हते. सगळ्या फाइली सारख्याच संथ आणि एकही चूक नाही. चेकडिस्क या आज्ञेनेही फाइली फारशा विखुरलेल्या दिसल्या नाहीत.

तिसरी साक्ष घड्याळाची. एक मेगाबाइटची फाइल मी ‘नल’ या नावाने कॉपी केली. असे केले की डिस्क फक्त वाचली जाते, कुठेही लिहिले जात नाही. वेळ लागला ४३ सेकंद. आता हिशेब. त्या काळची अशी डिस्क मिनिटाला ३,६०० म्हणजे सेकंदाला ६० फेऱ्या घेते. प्रत्येक ट्रॅकवर १७ सेक्टर आणि एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. एक मेगाबाइट म्हणजे २,०४८ सेक्टर. ४३ सेकंदांत फेऱ्या झाल्या २,५८०. म्हणजे एक सेक्टर वाचायला एक फेरी आणि वर थोडे! एका फेरीत डोक्याखालून सतरा सेक्टर जातात, त्यांतला जेमतेम एक पदरात पडत होता. रोगाचे नाव इथेच कळले.

जत्रेतला न थांबणारा चक्री पाळणा डोळ्यांसमोर आणा. त्यात सतरा मुले बसली आहेत आणि खाली उभ्या माणसाने त्यांना क्रमांकाने उतरवायचे आहे. पहिल्याला उतरवून बाजूला ठेवेपर्यंत दोन-तीन जागा पुढे निघून जातात. दुसरे मूल लगतच्याच जागेवर असेल तर ते हुकते आणि पूर्ण फेरीची वाट पाहावी लागते. तेच मूल चार जागा पुढे बसवले तर ते नेमके हात मोकळे झाल्यावर समोर येते. जुन्या डिस्कवर सेक्टरांचे क्रमांक असेच मुद्दाम अंतर सोडून दिलेले असत. या अंतराला इंटरलीव्ह म्हणतात. इंटरलीव्ह ३ असेल तर ट्रॅकवर क्रम लागतो १, ७, १३, २, ८, १४, ३ असा. एकानंतर दोन तिसऱ्या जागी.

आयबीएमने १९८३ साली आणलेल्या पीसी एक्सटीत हे अंतर ६ होते, १९८४ च्या अधिक वेगवान एटीत ३. आकडा लहान तितका वेग जास्त, हे खरे; पण नियंत्रक कार्डाला तेवढी चपळाई असेल तरच. एक सेक्टर डोक्याखालून जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो. इंटरलीव्ह ३ ठेवला तर कार्डाला हातातला सेक्टर पुढे पोचवायला दोन मिलिसेकंद मिळतात. मामांच्या कार्डाला त्याहून किंचित जास्त लागत असावेत. त्या जुन्या दुरुस्तीत कुणीतरी वेग वाढवायच्या हेतूने ३ हा आकडा घातला असेल, तर प्रत्येक सेक्टर थोडक्यात हुकणार. तसे झाल्यास एका सेक्टरला २० भागिले १७, म्हणजे सुमारे १.१८ फेऱ्या लागतात. डोके एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर नेण्याचा वेळ धरला तर माझ्या ४३ सेकंदांशी हे जुळत होते.

उपाय एकच : अंतर बदलून डिस्कचे मुळापासून फॉरमॅट. त्यात सगळे पुसले जाते. म्हणून आधी प्रत. शब्दांच्या फाइली तीन मेगाबाइटच्या होत्या. एका मित्राने फ्लॉपीवर कर्मिट हा प्रोग्राम आणून दिला आणि सिरीयल केबलने ९,६०० बॉडच्या वेगाने त्या माझ्या संगणकावर आणल्या. तासाहून जास्त वेळ लागला. मग दुसऱ्यांदा आणल्या आणि दोन्ही प्रती ताडून पाहिल्या. दोन्ही तंतोतंत जुळल्यावरच पुढे गेलो.

डीबग उघडून जी=सी८००:५ ही आज्ञा दिली की माझ्या कार्डातला फॉरमॅटचा प्रोग्राम सुरू होतो. डिस्कच्या लेबलवर लिहिलेले खराब ट्रॅक त्याला सांगितले आणि एकेक आकडा घालून पाहिला. ६ ला वाचनाचा वेळ १५ सेकंद, ५ ला १३, ४ ला ११. आणि ३ घातल्यावर पुन्हा ४३! शंका फिटली. ४ वर कायम केले, डॉस घातले आणि फाइली परत नेल्या.

पुढे डिस्कच्या आतच साठवणीची जागा आली, सलग क्रमाने वाचणे सहज झाले आणि इंटरलीव्ह हा शब्द विस्मरणात गेला. पण जुने यंत्र हाती आले तर हा क्रम उपयोगी पडेल : आधी विचारा, मग ऐका, मग मोजा, प्रत घ्या, आणि सगळ्यात शेवटी हात लावा.

मामांच्या फाइली इस्की या संकेतात होत्या. युनिकोडमधली देवनागरी इस्कीच्याच मांडणीवर आधारलेली असल्याने रूपांतर फारसे जड गेले नाही. ‘थ’ पासूनची पाने आता छापून झाली आहेत. मामी रोज दुपारी ती तपासते. परवा तिने ‘वायंगण’ या शब्दापुढे पेन्सिलीने एक दुरुस्ती केली : हा शब्द मामांना गावातल्या कुणाकडून नव्हे, तिच्या आईकडून मिळाला होता.